मोरस बेटावरील मराठी : कायमच्या देशांतरात भाषेचे काय होते?

साखरेला देशांची नावे मिळावीत ही भारतीय भाषांत नवलाची गोष्ट नाही. हिंदीतील ‘चीनी’ हा शब्द चीन देशाशी, आणि ‘मिसरी’ हा शब्द मिसर म्हणजे इजिप्त देशाशी जोडला जातो. ह्याच मालिकेतील तिसरा शब्द ‘मोरस’ होय. गुजरातीत पांढऱ्या दाणेदार साखरेसाठी तो रूढ झाला, आणि मराठीतही ‘मोरस साखर’ हा प्रयोग जुन्या पिढीच्या कानांना परिचित होता. हा मोरस म्हणजे हिंदी महासागरातील मॉरिशस बेट. साखरेच्या गोणीबरोबर त्या बेटाचे नाव आपल्या स्वयंपाकघरात आले. परंतु त्या गोणीमागे ज्यांचे हात राबले त्यांत काही मराठी हातही होते, ही गोष्ट मात्र त्या नावाबरोबर आली नाही.

आज मॉरिशसचे नाव निघाले की स्वच्छ ऊन, निळा समुद्र आणि नारळीची झाडे डोळ्यांसमोर येतात. पर्यटक तेथे चार दिवसांसाठी जातात, आणि तेथे घर विकत घेणाऱ्या परदेशी धनिकास निवासाचा परवानाही मिळू शकतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी व सावंतवाडीकडील, आणि काही प्रमाणात सातारा व कोल्हापूर भागांतील माणसे ह्याच बेटावर कायमची राहिली. त्यांच्या जाण्यामागे ऊन व समुद्र यांचे आकर्षण नव्हते. त्यांना तेथे ऊस लावावयाचा व तोडावयाचा होता. हे लोक गेले तेव्हा त्यांची भाषा मराठी होती. त्यांच्या पणतवंडांच्या घरात मात्र आज बहुधा क्रिओल बोलली जाते, आणि मराठी ही पूर्वजांची भाषा म्हणून शाळेत शिकावी लागते. हे स्थित्यंतर कसे घडले, त्यात भाषेचा कोणता भाग आधी गेला आणि कोणता टिकला, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सोमेश्वरनगरसारख्या ऊसपट्ट्यातील वाचकास ह्या विषयातील अनेक गोष्टी ओळखीच्या वाटतील.

१. बेट आणि ऊस

मॉरिशसवर मुळात मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ मध्ये डच तेथे उतरले आणि नॅसॉच्या मॉरिस ह्या राजपुत्रावरून त्यांनी बेटाला नाव दिले. ऊस तेथे नेला तोही डचांनीच, १६३९ मध्ये, जावा बेटावरून. १७१० मध्ये त्यांनी बेट सोडले. १७१५ मध्ये ते फ्रेंचांच्या ताब्यात गेले, आणि १८१० मध्ये ब्रिटिशांनी जिंकून घेतले. राज्य ब्रिटिशांचे झाले, तरी मळेवाले बहुतांशी फ्रेंच होते व त्यांची भाषाही फ्रेंचच राहिली. मळ्यांत राबणारे गुलाम मादागास्कर व आफ्रिकेचा पूर्व किनारा येथून आणलेले होते. धन्याची फ्रेंच आणि गुलामांच्या परस्परांस न समजणाऱ्या अनेक भाषा यांच्या व्यवहारातून अठराव्या शतकात जी बोली उत्पन्न झाली, तीच मॉरिशसची क्रिओल.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली. उसाला तर माणसे हवीच होती. गुलामांच्या जागी मुदतीच्या कराराने बांधलेला मजूर आणावा, ही कल्पना पुढे आली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. हा दिवस मॉरिशसमध्ये आजही पाळला जातो. ज्या घाटावरून पुढे लाखो लोक बेटावर आले त्या ‘आप्रवासी घाटा’स २००६ मध्ये जागतिक वारशाचे स्थान मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे गेले. त्यांतील बहुसंख्य बिहार व पूर्वेकडील भोजपुरी भाषक होते. त्यांच्या खालोखाल मद्रासकडील तमिळ व तेलुगू भाषक येत. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा अल्प होता. पुढील सर्व इतिहासावर ह्या अल्पतेची छाया पडलेली दिसते.

ज्या काळात ही माणसे जहाजात चढली त्या काळात नीरेच्या खोऱ्यात आजचा ऊस नव्हता. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले, आणि १८८५ च्या सुमारास पाटाचे पाणी बारामती-इंदापूरच्या जिरायत रानांत फिरू लागले. त्यापूर्वी हा मुलुख मुख्यतः ज्वारी-बाजरीचा होता. साखर कारखाने तर विसाव्या शतकातील होत. म्हणजे पाटाखालचा ऊस येथे दिसू लागण्याच्या कितीतरी आधी काही मराठी कुटुंबांचा संबंध समुद्रापलीकडील उसाशी जडला होता.

२. करार आणि टोळी

मळ्यावरील मजुराचा करार बहुधा पाच वर्षांचा असे. महिना पाच रुपये वेतन, आणि त्यासोबत तांदूळ, डाळ, तेल, मीठ व कपडा असा शिधा, हे आरंभीच्या काळातील सर्वसाधारण मान होते. जाण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ मिळे व ती पुढे वेतनातून कापून घेतली जाई. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची पद्धत होती. मजुरांच्या तुकडीवर एक ‘सरदार’ असे. मजूर जमविणे, त्यांना कामावर काढणे आणि मळेवाल्याचे म्हणणे त्यांच्या भाषेत सांगणे, ही सारी कामे त्याच्याकडे असत. मराठीत ‘सरदार’ म्हणताच दरबार, घोडा व जहागीर डोळ्यांसमोर येतात. मळ्यावर तोच शब्द टोळीच्या म्होरक्याचा वाचक झाला. इंग्रजीतील कराराच्या शब्दापासून ‘गिरमिट’ व त्यावरून ‘गिरमिटिया’ हे शब्द घडले, तेही ह्याच व्यवहारातून.

सोमेश्वरनगरच्या परिसरात दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. त्यांचा मुकादम, हंगामापूर्वीची उचल, नवराबायको मिळून होणारा ‘कोयता’, गैरहजेरीबद्दल धरला जाणारा ‘खाडा’ आणि तळावरच्या कोपी हे सारे ह्या भागाच्या नित्य परिचयाचे आहे. मळ्यावरील सरदार, आगाऊ रक्कम, दुहेरी कपात आणि वसाहतीतील झोपड्या ह्यांच्याशी त्यांचे साम्य उघड आहे. एका प्रदेशाने दुसऱ्याचे अनुकरण केले, असा ह्याचा अर्थ नव्हे. ऊस हे पीकच असे आहे की तोडल्यावर त्याचा रस लवकर गाळावा लागतो, आणि त्यासाठी ठरलेल्या दिवसांत पुष्कळ माणसे एकदम लागतात. अशी माणसे बांधून ठेवण्याच्या युक्त्या त्यामुळे दूरदूरच्या देशांतही एकसारख्या निघतात.

भाषेच्या दृष्टीने मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. बीडकडील टोळी पट्टा पडला की गावी परतते. तिची बोली नीराकाठच्या बोलीहून उच्चारात व काही शब्दांत वेगळी असली, तरी दोन्ही मराठीच होत, आणि टोळीतील मूल वर्षातले निम्म्याहून अधिक महिने आपल्या गावच्या बोलीत काढते. मॉरिशसला गेलेल्या टोळीस अशी परतीची वाट फार काळ उरली नाही.

३. परतीची वाट

आरंभीच्या करारांत मुदत संपल्यावर परतीचे जहाजभाडे देण्याची तरतूद होती, आणि पुष्कळ मजूर परत आलेही. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही तरतूद काढून घेण्यात आली. मजुराने बेटावरच राहावे व पुन्हा करार करावा, असे मळेवाल्यांचे धोरण होते. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांवर आणखी बंधने आली. छायाचित्र लावलेला पास जवळ नसेल, तर मळ्याबाहेर फिरणाऱ्या मजुरास पकडण्यात येई. त्याच सुमारास हिवतापाच्या साथीने बेटावर हजारो बळी घेतले. मजुरांच्या तक्रारींचा अर्ज १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ ह्या मळेवाल्याच्या साहाय्याने राज्यपालाकडे गेला. त्यावर ९,४०१ जणांची नावे होती. पुढे १८७२ मध्ये चौकशीसाठी राजनियुक्त आयोग बेटावर आला.

मुंबईकडील ओघ तोपर्यंत आटला होता. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि कोकणच्या माणसास पोटासाठी समुद्र ओलांडण्याची गरज पुढे कमी होत गेली. ह्या गोष्टीचा भाषेवर झालेला परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. नवा माणूस येतो तेव्हा तो गावाकडची ताजी भाषा बरोबर आणतो. त्याच्याशी बोलताना आधीच्यांची भाषाही उजळते. भोजपुरीस हे खतपाणी दीर्घकाळ मिळत राहिले. मराठीला ते लवकर बंद झाले.

दुसरे कारण स्त्रियांची संख्या हे होय. पहिल्या काही वर्षांत गेलेल्यांत स्त्रिया अगदीच थोड्या होत्या. पुढे कायद्याने त्यांचे किमान प्रमाण ठरवून दिले. लहान मूल भाषा शिकते ती प्रथम घरातील स्त्रियांच्या तोंडून. आई भोजपुरी वा तमिळ बोलणारी असेल, तर बापाची मराठी मुलापर्यंत पोहोचते ती तुटक, हाकेपुरती व रागावण्यापुरती. तिसरे कारण विखुरलेपणाचे. मजुरांची वाटणी मळ्यांच्या गरजेप्रमाणे होत असे, भाषेप्रमाणे नव्हे. एका मळ्यावर पन्नास मराठी घरे आणि पन्नास मळ्यांवर एकेक मराठी घर, ह्या दोन स्थितींत माणसांची संख्या एकच असली, तरी भाषेचे भवितव्य एक असू शकत नाही.

४. नोंदवहीतील नाव

बेटावर उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद होत असे. क्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव, जहाज असे तपशील त्यात असत. ह्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आज जतन केलेल्या आहेत, आणि आपले मूळ शोधू इच्छिणारे मॉरिशसवासी तेथे येतात.

कारकून लिहीत ते कानाला ऐकू येईल तसे, आणि इंग्रजी वा फ्रेंच वळणाने. मराठी माणसाच्या तोंडी स्वतःचे नाव, बापाचे नाव व गावाचे नाव असे. आडनाव सांगण्याची रीत त्या काळी सर्वत्र नव्हती. परिणामी बापाचे किंवा आजाचे नाव हेच पुढे घराण्याचे आडनाव होऊन बसले. सखाराम, बाबाजी, रामजी यांसारखी नावे अशा रीतीने आडनावे झाली. फ्रेंच वर्णविन्यासातून पुन्हा वाचताना त्यांचा उच्चारही बदलला. महाराष्ट्रात नावावरून गाव, भावकी व बहुधा जात ओळखली जाते. ह्या नव्या आडनावांतून त्यांपैकी काहीच कळत नाही. ज्यांना गावी जातीमुळे पाणवठा बंद होता, त्यांच्या दृष्टीने ही केवळ हानी होती असे म्हणता येणार नाही. नोंदवहीत जातीचा रकाना होता खरा, पण नावाने ती सांगण्याची सक्ती संपली.

५. घरातील भाषा कशी बदलली

भाषासंपर्काचा शास्त्रीय विचार यूरिएल वाइनराइख व आयनार हाउगेन यांच्या १९५३ मधील ग्रंथांनी दृढ पायावर आणला. पुढे जोशुआ फिशमन यांनी व्यवहारक्षेत्र ही कल्पना मांडली. तिचा आशय असा की, द्विभाषिक समाजात कोणती भाषा केव्हा बोलावयाची हे लहरीवर ठरत नसून घर, शेजार, काम, शाळा, धर्म अशा क्षेत्रांवर ठरते. एखादी भाषा नाहीशी होते ती एकाच दिवशी नव्हे, तर एकेक क्षेत्र सोडीत जाते.

मॉरिशसमधील मराठीस ही कसोटी लावून पाहावी. कामाचे क्षेत्र तिला कधी मिळालेच नाही. मळ्यावर क्रिओल चाले, आणि भारतीय मजुरांच्या आपसातील व्यवहारात संख्याबळाने भोजपुरी चाले. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी होती. १९६८ च्या संविधानानेही विधिमंडळाची भाषा इंग्रजी ठरविली व फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा ठेवली. वृत्तपत्रे मुख्यतः फ्रेंच. शेजार बहुभाषिक, म्हणून शेजाराची भाषा क्रिओल किंवा भोजपुरी. राहिली घर व धर्म ही दोन क्षेत्रे. त्यांपैकी घर पुढील दोन-तीन पिढ्यांत गेले, आणि धर्म टिकला.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. मराठी घरांनी प्रथम आपली भाषा भोजपुरीसाठी सोडली, असे अनेक ठिकाणी घडले. आणि पुढे ती भोजपुरीही क्रिओलपुढे मागे सरली. २००० च्या जनगणनेत घरात भोजपुरी बोलणारे शेकडा सुमारे १२ होते. २०११ मध्ये ते प्रमाण शेकडा सुमारे ५ वर आले. त्याच जनगणनेत क्रिओल ही घरची भाषा सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८० हून अधिक होते. म्हणजे मोठ्या भाषेने लहान भाषेस गिळले, आणि त्या मोठ्या भाषेसही तिच्याहून मोठीने. मॉरिशसच्या जनगणनेत ‘पूर्वजांची भाषा’ आणि ‘घरी बोलावयाची भाषा’ असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारले गेले, हे तेथील वस्तुस्थितीस धरूनच होते. पूर्वजांची भाषा मराठी असे सांगणाऱ्यांच्या मानाने ती घरी बोलणारे काही पटींनी कमी आढळतात.

६. दोन रचनांमधील अंतर

मराठी सोडून क्रिओल धरणे म्हणजे केवळ एका शब्दसंग्रहाऐवजी दुसरा घेणे नव्हे. दोन्ही भाषांची घडण अत्यंत भिन्न आहे. फ्रेंचमधील उपपदे क्रिओलमध्ये नामांना चिकटून नामाचाच भाग झाली. म्हणून पाण्यास ‘दिलो’, पावास ‘दिपें’, समुद्रास ‘लामेर’, घरास ‘लाकाझ’ आणि जमिनीस ‘लातेर’ असे शब्द बनले. फ्रेंच भाषकास त्यांत उपपद दिसते; क्रिओल भाषकास दिसत नाही.

मराठीत ‘ऊस तोडला’, ‘साखर झाली’, ‘पोते भरले’ ह्या तीन वाक्यांत नामाच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलते. बोलणारा पुरुष की स्त्री हेही ‘मी जातो’, ‘मी जाते’ यांतून समजते. क्रिओलच्या क्रियापदास लिंग नाही, वचन नाही, पुरुषही नाही. ‘मो पे मांझे’ म्हणजे मी खातो आहे किंवा खाते आहे. ‘मो ती मांझे’ म्हणजे मी खाल्ले. ‘मो पू मांझे’ म्हणजे मी खाईन. क्रियापद तेच राहते, त्यापूर्वीचा छोटा शब्द काळ सांगतो. मराठी मुलास ज्या रूपावलीसाठी अनेक वर्षे घरच्यांचे बोलणे ऐकावे लागते, तिची येथे गरजच नाही. ह्यावरून क्रिओल ही दरिद्री किंवा मोडकी भाषा आहे असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय. काळ व क्रियेची अवस्था यांतील सूक्ष्म भेद ती आपल्या रीतीने पुरेपूर दाखविते. २०१२ पासून ती मॉरिशसच्या प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय म्हणून शिकविली जाऊ लागली.

तथापि काही भेद असे आहेत की ते एकदा गेले म्हणजे त्यांबरोबर वागण्याची एक रीतही जाते. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्यास वगळून, आणि ‘आपण’ म्हणजे त्यास धरून. ‘आम्ही जेवतो’ आणि ‘आपण जेवू’ ह्यांत पाहुण्याच्या दृष्टीने केवढा फरक आहे हे सांगावयास नको. क्रिओलमध्ये दोहोंसाठी ‘नू’ हा एकच शब्द आहे. आदराचा भेद मात्र क्रिओलने राखला आहे: जवळच्यास ‘तो’, आणि मोठ्यास वा परक्यास ‘ऊ’. काका, मामा, आत्या, मावशी ह्यांत मराठीने जी नात्यांची वाटणी केली आहे, ती युरोपीय वळणाच्या शब्दसंग्रहात मावत नाही. म्हणूनच, जेथे भाषा सुटते तेथेही नात्यांचे, अन्नाचे व पूजेचे शब्द सर्वांत शेवटी सुटतात, असा अनेक देशांतील अनुभव आहे. ज्या वस्तूस नव्या भाषेत नावच नाही, तिचे जुने नाव टिकून राहते.

एका शब्दाचा प्रवास मात्र ह्या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. संस्कृत ‘शर्करा’, म्हणजे मुळात खडीचे कण. प्राकृत ‘सक्करा’, त्यापासून मराठी ‘साखर’. तोच शब्द फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, आणि तेथून इटालीमार्गे फ्रेंचमध्ये ‘स्युक्र’ झाला. फ्रेंच उपपदासह क्रिओलमध्ये तो ‘दिसिक’ झाला. कोकणातून गेलेल्या माणसाच्या नातवाने ‘साखर’ सोडून ‘दिसिक’ म्हणावयास आरंभ केला, तेव्हा त्याने एकाच शब्दाचे एक रूप टाकून दुसरे घेतले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो घरातच राहिला. बोलणाऱ्याच्या दृष्टीने मात्र घर बदलले होते.

७. काय टिकले

धर्माचे व उत्सवाचे क्षेत्र टिकले, असे वर म्हटले. गणेशचतुर्थी हा मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. गौरी-गणपतीच्या दिवसांत मराठी मंडळी ‘झाकरी’ म्हणून एक नृत्यगीत सादर करतात. हे नाव रत्नागिरीकडील ‘जाखडी’ ह्या शब्दाशी नाते सांगते. पहिल्या अक्षरात अल्पप्राण ‘ज’ व दुसऱ्यात महाप्राण ‘ख’ होता. महाप्राणता उलट दिशेने सरकून ‘झ’ व ‘क’ झाले, आणि ‘ड’ चा ‘र’ झाला. असे ध्वनिपरिवर्तन भारतीय भाषांस नवे नाही. लक्षात घेण्याची गोष्ट निराळीच आहे. घरातील बोलणे थांबल्यावरही गीतातील मराठी थांबली नाही. गीत पाठ करता येते. संभाषण पाठ करता येत नाही. पाठांतरात रूपे गोठतात व टिकतात, पण त्यांपासून नवे वाक्य घडत नाही.

ह्या टिकलेल्या भाषेस शाळेने आधार दिला. मॉरिशसच्या शासकीय प्राथमिक शाळांत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकविली जाते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण मिळते. तेथील नभोवाणीवर मराठी कार्यक्रम होतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये मोका येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. म्हणजे मराठी ही तेथे मातृभाषा म्हणून मागे पडली तरी कुलभाषा म्हणून उभी आहे. हा बदल नीट समजून घेतला पाहिजे. मातृभाषा मूल न शिकविता शिकते. कुलभाषा ठरवून, वेळ काढून व पुस्तकातून शिकावी लागते. ती शिकणाऱ्याचे उच्चार क्रिओल वळणाचे आणि वाक्ये प्रमाण मराठीची असतात; त्याच्या पणजाच्या कोकणी बोलीशी त्या मराठीचा संबंध थोडाच. मराठी म्हणून जे परत मिळाले ते पुण्याच्या पुस्तकातील मराठी होते.

८. तंजावर आणि इस्रायल

दूर गेलेली प्रत्येक मराठी अशीच वागते काय? तसे नाही. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य चालले. राज्य जाऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तंजावरी मराठी काही घरांत आजही बोलली जाते. तिच्यावर तमिळची दाट छाया आहे. तेथे मराठी ही सत्तेची, दप्तराची व ग्रंथांची भाषा होती. सरस्वती महाल ग्रंथालय तिच्या मागे उभे होते. शिवाय घराणी एकत्र राहिली व विवाहसंबंध आपसात होत राहिले.

दुसरे उदाहरण बेने इस्रायल समाजाचे. कोकणातील ह्या यहुदी समाजाची मातृभाषा मराठी. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेले. त्या देशानेही ऊन व समुद्रकिनारा दिला, आणि नागरिकत्वही दिले. ते कुटुंबांनिशी गेले, शिकलेले होते, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले. तरीही हिब्रू शाळेत वाढलेल्या पुढच्या पिढीची पहिली भाषा हिब्रू झाली.

ह्या तीन उदाहरणांची तुलना केली असता असे दिसते की, भाषा टिकणे वा न टिकणे हे अंतरावर अवलंबून नसते. तंजावर ते मॉरिशस हा फरक सागराचा नसून सत्तेचा, वस्तीच्या दाटीचा आणि विवाहाचा आहे. आणि इस्रायलचे उदाहरण असे सांगते की, सुखाचे, स्वेच्छेचे व सन्मानाचे स्थलांतरही भाषेस आपोआप वाचवीत नाही. उलट, नवा समाज जितका आपुलकीने सामावून घेतो तितकी जुनी भाषा सोडणे सोपे जाते.

९. समारोप

नीरेच्या खोऱ्यातील कुटुंबांतून आज मुले परदेशी जातात आणि त्यांतील काही कायमची तेथे राहतात. त्यांच्यापाशी गिरमिट नसते, पारपत्र असते. आईवडिलांशी रोज बोलता येते, आणि विमानाने एका दिवसात घरी पोहोचता येते. मॉरिशसला गेलेल्या मजुराशी त्यांची बरोबरी करणे त्या मजुरावर अन्याय करण्यासारखे होईल. परंतु व्यवहारक्षेत्रांचा नियम दोघांस सारखाच लागू आहे. कामाची, शाळेची व शेजाराची भाषा परकी असेल, तर मराठीस घर हे एकच क्षेत्र उरते. आणि घरातील भाषा आईबाप मुलाशी कोणत्या भाषेत रागावतात, लाड करतात व गोष्ट सांगतात ह्यावर ठरते. आजीशी दूरध्वनीवर आठवड्यातून एकदा झालेले बोलणे हे ‘झाकरी’च्या गीतासारखे आहे. ते मोलाचे आहे, पण त्यातून नवे वाक्य घडण्याची शक्ती मुलास येत नाही.

मॉरिशसच्या मराठी समाजाकडे पाहण्याची दृष्टीही ह्यावरून बदलावी. महाराष्ट्रातून तेथे जाणारा पाहुणा बहुधा तेथील लोकांची मराठी तपासतो आणि ती अशुद्ध वा पुस्तकी आहे असे म्हणून हळहळतो. वास्तविक, ज्यांना भाषा टिकविण्याचे एकही साधन दिले गेले नव्हते, ज्यांची नावेसुद्धा दुसऱ्याने लिहिली, त्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढीने शाळेत मराठीच्या वर्गात नाव घालावे ही गोष्ट हळहळण्याची नव्हे. प्रश्न उरतो तो आपल्याकडचा. सोमेश्वरनगरच्या तळावर दरवर्षी उतरणाऱ्या टोळ्यांची बोली, तिच्यातील उसाचे, मोळीचे, बैलांचे व हिशेबाचे शब्द अद्याप बोलले जात आहेत. तोडणीची यंत्रे रानात आली आहेत. ती वाढतील तसतसे हे शब्द बोलणारे हात कमी होतील. मोरस बेटावर गेलेल्यांची बोली कोणी त्या वेळी टिपून घेतली नाही. ह्या बोलीच्या बाबतीत तरी तसे होऊ नये. ते काम अजून करता येण्याजोगे आहे.